छडी, गुरू आणि राजा

देवळाच्या अग्रशाळेत भरणारी शाळा ज्यांनी लहानपणी पाहिली आहे, त्यांस तिचे वर्णन करून सांगावयास नको. शेणाने सारवलेली भुई, एका बाजूस ओळीने मांडलेल्या दगडी पाट्या, मध्येच गर्भागाराकडून येणारा घंटानाद, आणि गुरुजींच्या बैठकीमागे वाशाला खोचून ठेवलेली वेताची छडी. पावकी-निमकी म्हणताना जीभ अडखळली की ती छडी खाली उतरे, आणि ज्याची पाळी असे त्याचा तळहात आपण होऊन पुढे होई. आम्हीही तो पुढे केलेला आहे. आमचे गुरुजी दुष्ट नव्हते. दुपारी ज्या हातावर त्यांनी वळ उठविले त्याच हातावर सायंकाळी परवचा संपल्यावर ते प्रसादाचे खोबरे ठेवीत. म्हणूनच छडीविषयी निश्चित मत देणे आमच्या पिढीस जड जाते. तिचा निषेध करावा तर गुरुजींशी कृतघ्नपणा केल्यासारखे वाटते, आणि तिची भलामण करावी तर वर्गात आमच्या शेजारी बसणारा, त्या छडीच्याच धाकाने एके दिवशी शाळा सोडून शेतावर गेलेला आणि पुन्हा कधी पाटी हाती न धरलेला सोबती डोळ्यांपुढे येतो.

आज कायद्याने शाळेत मुलाला मारणे निषिद्ध आहे. निषिद्ध आहे, तरी ते चालू आहे, हेही सर्वांस ठाऊक आहे. ह्या दोन वाक्यांमधील अंतर कसे पडले, हे पाहण्यासाठी थोडे मागे जाणे प्राप्त आहे.

‘आमच्या शास्त्रांनीच गुरूला ताडनाचा अधिकार दिला आहे’ असे पुष्कळ जण मोठ्या आत्मविश्वासाने सांगतात. पाच वर्षे लालन, दहा वर्षे ताडन आणि सोळावे लागताच मित्रत्व, हे चाणक्याच्या नावावर खपणारे सुभाषित त्यांच्या जिभेवर असते. परंतु धर्मसूत्रे स्वतः उघडून पाहणाऱ्यास निराळेच चित्र दिसते. गौतमधर्मसूत्राच्या दुसऱ्या अध्यायात शिष्याचे अनुशासन न मारता करावे असा मूळ नियम आहे. ते अगदीच अशक्य झाले तर बारीक दोरी किंवा वेळूची पातळ कांब एवढ्याचीच मुभा आहे. आणि त्यापुढचे सूत्र तर असे आहे की, अन्य कशाने मारणाऱ्या गुरूला राजाने शासन करावे. हे सूत्र आम्ही प्रथम वाचले तेव्हा क्षणभर थबकलो. गुरुकुलाच्या आत, अग्निहोत्राच्या धुरात, गुरू आणि शिष्य यांच्यामध्ये राजा येऊन उभा राहतो, ही कल्पना विसाव्या शतकात युरोपातून आली अशी आमची समजूत होती. ती दोन सहस्र वर्षांहून जुनी आहे आणि आमच्याच घरातील आहे.

आपस्तंबाने शिक्षांची जी गणना केली आहे तीत भय दाखविणे, उपवास घडविणे, थंड पाण्याने स्नान घालणे आणि दृष्टीआड करणे एवढेच येते. मनुस्मृतीत चौथ्या अध्यायात पुत्र व शिष्य यांखेरीज कोणावरही दंड उगारू नये असे म्हटले आहे, म्हणजे ह्या दोघांवर तो उगारता येतो. आठव्या अध्यायात मात्र त्या ताडनाला कुंपण घातले आहे: दोरी किंवा वेळूची कांब, तीही केवळ पाठीवर, मस्तकावर कदापि नव्हे, आणि ही मर्यादा ओलांडणाऱ्यास चोराचा दोष. त्याच मनूने दुसऱ्या अध्यायात प्राणिमात्रांचे अनुशासन अहिंसेनेच आणि मधुर वाणीनेच करावे असेही सांगितले आहे. पतंजलीच्या महाभाष्यात दोन्ही सूर आहेत. उदात्ताच्या जागी अनुदात्त उच्चारणाऱ्या शिष्याला चपराक देणारा खण्डिकोपाध्याय तेथे भेटतो, आणि गुरूचा मारता हात विषाचा नसून अमृताचा असतो असे समर्थनही तेथेच आढळते. सारांश, शास्त्रात वाद होता. ज्यांनी त्यातील एकच बाजू उचलून ‘परंपरा’ म्हणून आमच्या हाती दिली, त्यांनी ग्रंथ अर्धेच वाचले होते असे म्हणावे लागते.

कथाकीर्तने ऐकत वाढलेल्या वाचकांस आणखी एका प्रसंगाची आठवण करून द्यावीशी वाटते. भागवतात छडीचा उल्लेख दोन लक्षणीय स्थळी येतो. सातव्या स्कंधात प्रल्हादाचा गुरू, शुक्राचार्यांचा पुत्र, संतापून वेत आणावयास सांगतो. छडी मागणारा गुरू आणि भक्त बालक, यांत श्रोत्यांचे मन कोणाकडे झुकते हे सांगावयास नको. दशम स्कंधात यशोदा काठी घेऊन कृष्णाच्या मागे धावते, त्याला धरते, आणि मूल भ्यालेले आहे हे ध्यानी येताच हातातील काठी टाकून देते. ती त्याला उखळाशी बांधते, शिक्षा सोडीत नाही. पण काठी टाकते. हा श्लोक कीर्तनात नेहमी घाईने मागे टाकला जातो, कारण पुढे दोरी दोन बोटे कमी पडण्याचा रसाळ भाग असतो.

व्यवहारात मात्र खण्डिकोपाध्यायाचीच परंपरा चालली. पंतोजींच्या शाळेत छडी ही सर्वांत सौम्य शिक्षा होती. अंगठे धरून ओणवे उभे करणे, कोंबडा करणे, आढ्याला बांधलेल्या दोरीला म्हणजे ‘घोडी’ला पोराला टांगणे, अशी तिची वाढती श्रेणी होती. गोव्यात शणैमामांच्या मराठी शाळेत वेत होता, आणि शेजारच्या पोर्तुगीज शाळेत ‘पालमातोरी’ होती: लांब मुठीची, भोके पाडलेली लाकडाची गोल फळी, जी तळहातावर बसली की भोकांच्या खुणा उमटत. देवाची, भाषेची, लिपीची, सर्वच बाबतींत भिन्न असलेल्या ह्या दोन शाळांचे एका गोष्टीवर मात्र पूर्ण एकमत होते.

इंग्रजी अंमलात ह्या रूढीला कायद्याचे कवच मिळाले, तेही जवळजवळ आडवाटेने. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत कोठेही ‘शिक्षकाने विद्यार्थ्यास मारावे’ असे लिहिलेले नव्हते. कलम ८८ व ८९ यांत एवढेच होते की, एखाद्याच्या हितासाठी, सद्भावनेने, त्याच्या संमतीने, आणि मूल बारा वर्षांखालील असल्यास पालकाच्या संमतीने, केलेली इजा हा गुन्हा नव्हे. कायदाकारांनी दिलेली उदाहरणे शल्यकर्माची आहेत. बापाने मुलाचा मूतखडा शस्त्रवैद्याकडून काढवून घेणे हे त्यांतील एक. शस्त्रवैद्यासाठी उघडे ठेवलेल्या ह्या दारातून छडी आत आली. मुलाला शाळेत घालणे म्हणजेच त्याला मारण्यास पालकाने मूक संमती देणे, असा अर्थ न्यायालये लावू लागली. १९४९ साली विधिप्रतिवेदनात छापलेल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या एका निकालातही, विद्यार्थ्याला माफक छडी मारणाऱ्या शिक्षकाला ह्याच न्यायाने निर्दोष ठरविण्यात आले होते.

‘माफक’ ह्या शब्दाचा जन्मही पाहण्यासारखा आहे. ज्या १८६० सालात आमची दंडसंहिता मंजूर झाली त्याच साली इंग्लंडात ईस्टबोर्न येथे टॉमस हॉपली नावाच्या शाळाचालकाने पंधरा वर्षांच्या एका विद्यार्थ्याला इतके झोडपले की तो मुलगा मेला. हॉपलीला चार वर्षांची शिक्षा झाली. पण त्या खटल्यात मुख्य न्यायाधीश कॉकबर्न यांनी जे तत्त्व सांगितले ते असे की, बाप आणि बापाने अधिकार दिलेला शिक्षक मुलाला माफक व वाजवी मार देऊ शकतात. एका मुलाच्या मरणावरून निघालेला हा निकाल पुढे शंभराहून अधिक वर्षे साम्राज्यभर मारणाऱ्यांच्या बचावासाठी वापरला गेला. इतिहासाची थट्टा कधी कधी फार कडवट असते.

इकडे आणखी एक बदल होत होता, ज्याच्याकडे छडीचा इतिहास लिहिणारे बहुधा लक्ष देत नाहीत. बडोद्याचे सयाजीराव महाराज यांनी १८९३ मध्ये अमरेली प्रांतात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६ मध्ये ते सर्व संस्थानास लागू केले. मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दंड होऊ लागला. महाराजांच्या ह्या कार्याचे मोल आमच्या बडोदेकर वाचकांस सांगण्याचे धारिष्ट आम्ही करीत नाही. परंतु त्याचा एक परिणाम असा की, ‘पालकाची मूक संमती’ हा जुना आधार त्या दिवशीच डळमळला. जेथे पालकाला मूल शाळेत न घालण्याची मोकळीकच उरली नाही, तेथे त्याची संमती कसली? राज्याने ज्याला हाताला धरून शाळेत आणले, त्याच्या पाठीवरील वळाचे उत्तरदायित्व राज्यावरच येते. हा विचार स्पष्ट शब्दांत कायद्यात उतरावयास मात्र शंभर वर्षे लागली.

मधल्या काळात एक विलक्षण विसंगती नांदत होती. १८६४ आणि १९०९ च्या फटक्यांच्या कायद्यांनुसार न्यायालये गुन्हेगारांस, आणि अल्पवयी मुलांसही, फटक्यांची शिक्षा देत असत. स्वतंत्र भारताने १९५५ मध्ये ती शिक्षा रद्द केली. म्हणजे त्या वर्षानंतर सिद्ध झालेल्या चोराला सरकार वेताने मारू शकत नव्हते, पण सातचा पाढा चुकलेल्या बालकाला मास्तर मारू शकत होते. इतकेच नव्हे, तर दिल्लीच्या १९७३ च्या शाळा नियमांत मारण्याची रीतसर पद्धती लिहून ठेवलेली होती: मार देण्याचा अधिकार मुख्याध्यापकाचा, आजारी मुलास मारावयाचे नाही, छडी वापरल्यास दहापेक्षा अधिक नव्हे, तळहातावरच, आणि प्रत्येक शिक्षेची नोंदवहीत नोंद. हे वाचताना आम्हांस मनूच्या कुंपणाची आठवण झाली. सुमारे दोन सहस्रकांच्या दोन टोकांना तेच कुंपण, फक्त पाठीच्या जागी तळहात.

१९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात शारीरिक शिक्षा शिक्षणपद्धतीतून निश्चयपूर्वक वगळली जाईल असे एक वाक्य होते. धोरण ते धोरण. ते वाक्य कपाटात राहिले. ११ डिसेंबर १९९२ रोजी भारताने बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय संहितेचा स्वीकार केला, तेव्हा प्रश्नास थोडी धार आली. खरे पाऊल पडले ते १ डिसेंबर २००० रोजी. पालकांच्या एका मंचाने केलेल्या अर्जावर दिल्ली उच्च न्यायालयाने १९७३ च्या त्या नियमांतील छडीचा भाग घटनेच्या १४ व २१ ह्या अनुच्छेदांविरुद्ध म्हणून रद्द ठरविला. न्यायालयाने जे म्हटले त्याचे तात्पर्य असे की, मूल लहान आहे म्हणून त्याची प्रतिष्ठा लहान होत नाही. पुढे २००२ मध्ये आंध्र प्रदेशाने आपल्या शिक्षणनियमांतून छडी काढली, आणि गोव्याने २००३ मध्ये स्वतःचा बाल कायदा केला. सर्व शाळांत शारीरिक शिक्षेला बंदी, असे त्यात एकाच लहान वाक्यात सांगितले आहे. मुलांसाठी स्वतंत्र न्यायालय स्थापण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे. लहानशा गोव्याने ह्या बाबतीत देशाच्या पुढे सहा वर्षे पाऊल टाकले, ही गोष्ट गोमंतकीयांनीही फारशी मिरविलेली नाही.

केंद्राचा शिक्षणहक्क कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ ह्या दोहोंवर बंदी घातली, आणि मोडणाऱ्यावर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई ठेवली. ‘मानसिक छळ’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. छडी गेली आणि तिच्या जागी वर्गासमोर जात, बापाचा धंदा, घरचे दारिद्र्य काढून केलेला उपहास आला, तर मुलाच्या दृष्टीने फारसे काही बदलले असे होत नाही. आमचा शेतावर गेलेला सोबती छडीने गेला की छडीबरोबर येणाऱ्या एका टोपणनावाने, हे आम्ही आजही निश्चित सांगू शकत नाही.

कायदा झाला, अंमल किती झाला? केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत गोव्यासह तेरा राज्यांतील मुलांना विचारण्यात आले होते. शाळेत जाणाऱ्या दर तीन मुलांपैकी दोघांनी शाळेत मार खाल्ल्याचे सांगितले. पुढे राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २००९-१० मध्ये सात राज्यांतील ६,६३२ मुलांकडे चौकशी केली, तेव्हा ६,६२३ मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाची शिक्षा झाल्याचे सांगितले. ज्यांना कोणतीच शिक्षा झाली नाही अशी मुले नऊ. ह्या नऊ मुलांची शाळा कोणती असेल, असा विचार आमच्या मनात कितीदा तरी येऊन गेला आहे. २०१२ मध्ये आयोगाने मार्गदर्शक सूचना काढल्या: प्रत्येक शाळेत देखरेख ठेवणारा गट असावा, मुलांना नाव न सांगता तक्रार टाकता येईल अशी पेटी असावी. पेट्या पुष्कळ ठिकाणी लागल्या. त्यांच्या किल्ल्या कोणाकडे असतात, हे सुज्ञांस सांगणे न लगे. आणि चाळीस-पन्नास पोरांपुढे एकटा उभा असलेला, जनगणनेपासून मतदानापर्यंतची कामे मानेवर असलेला शिक्षक, हातातील एकमेव हुकमी साधन काढून घेतल्यावर काय करील, ह्याचे उत्तर त्याला कोणी शिकविले नाही. कायद्याने तीस मुलांमागे एक शिक्षक असे प्रमाण घातले होते. ते प्रमाण आणि ती बंदी एकाच कायद्यात होती, आणि बंदी पाळावयाची तर प्रमाण आधी पाळावयास हवे होते. पहिले पाढे पंचावन्न झाले, त्यास केवळ शिक्षक दोषी नाहीत.

येथे स्वीडन देशाचे उदाहरण सविस्तर देतो, कारण अंमल कसा करावयाचा ह्याचा धडा त्यात आहे. त्या देशाने एका रात्रीत काही केले नाही. १९२८ मध्ये माध्यमिक शाळांतून छडी गेली, १९५८ मध्ये सर्व प्राथमिक शाळांतून. १९५७ मध्ये मारणाऱ्या आईबापांना संरक्षण देणारे दंडसंहितेतील कलम निघाले, १९६६ मध्ये कुटुंबविषयक संहितेतील उरलासुरला आधारही काढला गेला. तरीही संदिग्धता राहिली. १९७५ मध्ये तीन वर्षांच्या मुलीला मारणाऱ्या एका बापाला न्यायालयाने सोडून दिले, तेव्हा लोकांच्या ध्यानी आले की, परवानगी काढून घेणे वेगळे आणि मनाई करणे वेगळे. आयोग बसला, आणि १९७९ च्या मार्चमध्ये स्वीडिश संसदेने २५९ विरुद्ध ६ मतांनी घरातसुद्धा मुलाला मारण्यास मनाई केली. १ जुलै १९७९ पासून हा कायदा लागू झाला. असा कायदा करणारा तो जगातील पहिला देश.

त्याच्या आदल्या वर्षी, १९७८ मध्ये, तेथील बालसाहित्यिका आस्ट्रिड लिंडग्रेन यांनी जर्मनीत फ्रँकफुर्ट येथे एक पारितोषिक स्वीकारताना केलेल्या भाषणात एका आईची गोष्ट सांगितली होती. मुलाने काही आगळीक केली म्हणून आईने त्यालाच छडी शोधून आणावयास पाठविले. पोर बराच वेळ आले नाही. शेवटी रडत रडत आले आणि म्हणाले, छडी काही मिळाली नाही, पण हा दगड मिळाला, तो तू मला मारू शकशील. आईला त्याच्या डोळ्यांनी सर्व दिसले. तिने त्याला पोटाशी धरले, दोघे रडली, आणि तो दगड तिने स्वयंपाकघरातील फळीवर कायमचा ठेवून दिला. यशोदेने टाकलेल्या काठीची आठवण होऊन आम्ही ही कथा प्रथम वाचली तेव्हा आमचेही डोळे ओलावले.

परंतु स्वीडनची खरी कर्तबगारी त्या कायद्यापुढे आहे. कायद्यात शिक्षेचे कलमच ठेवले नाही. गंभीर मारहाण दंडसंहितेखाली येतच होती. नव्या कलमाने फक्त सांगितले की हे करावयाचे नाही. मग न्याय मंत्रालयाने मुले असलेल्या घरोघरी एक माहितीपुस्तिका पाठविली, बाहेरून आलेल्या कुटुंबांसाठी त्यांच्या त्यांच्या भाषांत ती छापली. दोन महिने दुधाच्या खोक्यांवर हा मजकूर छापला गेला. न्याहारीच्या वेळी आई, बाप आणि मूल यांच्यामध्ये ते खोके उभे असे, आणि मूल ते वाचू शकत असे! कायदा ज्याच्यासाठी केला त्याच्याच हाती तो रोज सकाळी देण्याची ही युक्ती आम्हांस फार मोठी वाटते. काही धर्मनिष्ठ आईबापांनी आमच्या धर्मश्रद्धेवर हा घाला आहे म्हणून युरोपीय मानवहक्क आयोगाकडे दाद मागितली. १९८२ मध्ये ती फेटाळली गेली. पुढे फिनलंड, नॉर्वे, ऑस्ट्रिया यांनी हाच मार्ग घेतला. आज अशा देशांची संख्या साठांहून अधिक आहे, आणि आमचा शेजारी नेपाळ २०१८ पासून त्यांत आहे.

कोणी म्हणेल, त्या वेळी ऐंशी लाखांच्या असलेल्या श्रीमंत देशाची गोष्ट वीस कोटी शाळकरी मुलांच्या देशाला काय उपयोगाची? आक्षेप खरा आहे, आणि दुधाच्या खोक्यांनी आमचा प्रश्न सुटेल असे आम्हीही म्हणत नाही. पण दंडाचे प्रमाण ठरविण्याच्या बाबतीत त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे, हे गोव्यातील एका प्रकरणावरून दिसून येते. २०१४ मध्ये एका शिक्षिकेने दोन लहान बहिणींना पट्टीने मारल्याचा आरोप झाला. गोव्याच्या कायद्यात बालछळाला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि लाखाचा दंड आहे, आणि त्याच कलमाखाली खटला चालला. बाल न्यायालयाने शिक्षिकेस दोषी ठरविले. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तो निर्णय फिरविला आणि शिस्तीसाठी मुलास ताळ्यावर आणणारी शिक्षकाची साधी कृती म्हणजे बालछळ नव्हे, असे सांगितले. त्या शिक्षिकेच्या अपराधाविषयी मत देण्याचा आम्हांस अधिकार नाही. पण निकालाचा सूर ऐकून १९४९ चा ‘माफक मार’ पुन्हा दारात उभा राहिल्याचा भास झाला. आम्ही न्यायमूर्तींस दोष देत नाही. पट्टीच्या फटक्यास तीन वर्षांचा तुरुंग आणि लाख रुपये, असे माप समोर ठेवल्यास कोणताही सहृदय न्यायाधीश कचरणारच, आणि त्या कचरण्यातून मग बंदीच्या कलमालाही चीर जाते. उलट केवळ सेवानियमांवर सोपविलेली कारवाई संस्थाचालकांच्या मर्जीवर राहते. गौतमाने राजाला शासन करावयास सांगितले, किती ते सांगितले नाही. तो प्रश्न त्याने आमच्यासाठी शिल्लक ठेवला.

घराच्या उंबरठ्याआत तर अद्याप कोणताच स्पष्ट निषेध पोहोचलेला नाही. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. सद्भावनेने, पालकाच्या संमतीने केलेल्या कृत्याविषयीचे ते जुने तत्त्व तीतही कायम आहे. मुलाचा सांभाळ करणाऱ्याने क्रौर्य केल्यास २०१५ च्या बालन्याय कायद्याने शिक्षा होते, पण क्रौर्य कोठे सुरू होते हे घरात कोण मोजणार? मराठी घरांत ह्या विषयावर कोणी बोलू लागले की साने गुरुजींची ‘श्यामची आई’ पुढे केली जाते. पोहावयास जाण्याचे टाळून लपून बसलेल्या श्यामला आईने मारले, तेव्हाच तो पोहावयास शिकला ना, असा रोकडा सवाल येतो. मारले हे खरे. परंतु श्यामच्या अंगावरील वळ पाहून आईच्या घशाखाली घास उतरेना, हेही त्याच प्रसंगात आहे, आणि नाशिकच्या तुरुंगात बसून ते लिहिणाऱ्या श्यामला त्या वळांपेक्षा त्या अश्रूंचीच आठवण अधिक होती. पुस्तक पुराव्यादाखल आणणाऱ्यांनी ते शेवटपर्यंत वाचावे, एवढीच विनंती.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहिण्यास आम्ही प्रवृत्त झालो तिच्याकडे वळतो. शिक्षणहक्क कायद्यात २०१२ मध्ये एक दुरुस्ती झाली आणि ती त्याच वर्षी १ ऑगस्टपासून अमलात आली. मदरसे, वैदिक पाठशाळा आणि मुख्यतः धर्मशिक्षण देणाऱ्या संस्था यांना हा कायदा लागू नाही, असे तीत म्हटले आहे. हेतू समजण्यासारखा होता. वेदपाठशाळेस क्रीडांगणाचे क्षेत्रफळ आणि शिक्षकांची पदविका विचारीत बसणे निरर्थक होते. परंतु ह्या एका वाक्याने इमारतीच्या नियमांबरोबर सतरावे कलमही बाहेर गेले. आठव्या-दहाव्या वर्षी घर सोडून आलेला, संहिता कंठस्थ करणारा, रात्री आई आठवली तरी कोणास न सांगणारा बटू आज त्या कलमाच्या छायेत नाही. बालन्याय कायदा त्याला आहे, गोव्याचा बाल कायदाही त्याच्यासाठी पुढे करता येईल, परंतु ते सर्व न्यायालयाच्या पायऱ्या चढल्यानंतरचे. आणि तो बटू पायऱ्या चढणार नाही.

वेदाध्ययनात स्वर चुकणे ही लहान बाब नाही, हे आम्ही जाणतो. उदात्ताच्या जागी अनुदात्त आला की गुरूचा हात आपोआप उठतो, आणि तो विषाचा नसतो हेही आम्ही मान्य करतो. तरी ह्या परंपरेतील उत्तम अध्यापकांस आम्ही जवळून पाहिले आहे. त्यांच्यातील एक वृद्ध घनपाठी, ज्यांचे नाव सांगण्यास त्यांनीच मना केले आहे, स्वर चुकला की काहीही न बोलता आपल्या उजव्या हाताने विद्यार्थ्याचा हात धरून तो योग्य उंचीला नेऊन ठेवीत. विद्यार्थी तेवढी ऋचा पुन्हा म्हणे. दहा वेळा चुकली तर दहा वेळा. त्यांच्याकडून शिकलेले आज चार ठिकाणी पाठशाळा चालवितात आणि तसाच हात धरतात.

गोव्यातील देवस्थानांचा कारभार १९३३ च्या नियमावलीखाली महाजनांच्या सभांमधून चालतो. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद येथील मंदिरांच्या आपापल्या विश्वस्त समित्या आहेत. ज्या देवस्थानांच्या आश्रयाने पाठशाळा किंवा मुलांचे वसतिगृह चालते, त्यांना आपल्या पाठशाळेच्या नियमांत एक ओळ घालण्यासाठी कोणत्याही विधिमंडळाची वाट पाहावी लागत नाही. येत्या वार्षिक सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत तो विषय घालता येतो. ठराव झालाच तर तो बटूंना वाचता येईल इतक्या मोठ्या अक्षरांत, भोजनाच्या पंगती बसतात त्या ओटीच्या भिंतीवर लावावा. छडी खोचलेली असते ती जागाही बहुधा तेथून दूर नसते.